नववीचं दुसरं वर्ष

सिस्टर, वर्षअखेरीला पालकांना जाणारं आपल्या शाळेचं पत्र यंदा मुख्याध्यापिका म्हणून मला लिहायचं आहे. तुमच्या वेळी ते एका पानाचं असायचं, स्टेन्सिल कापून काढलेलं, शाईचा वास येणारं, घडी घालून प्रगतिपुस्तकात ठेवलेलं. आता ते पालकांच्या मोबाइलवर जातं. पण त्याचे दोन भाग तुम्ही पाडले होते तेच आहेत: वर्षभरात काय झालं, आणि पुढच्या वर्षी अभ्यासात कशाला आधी महत्त्व द्यायचं. पहिला भाग मी एका बैठकीत लिहून टाकला. हॉकीच्या मुली राज्य पातळीवर खेळून आल्या. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर गेली. बरीच घरं नवा रायपूरला राहायला गेली, म्हणून तिकडे शाळेची एक बस सुरू झाली. त्या बसमधली मुलं पहिल्या तासाला जांभया देतात, हे मात्र लिहिलं नाही. दुसऱ्या भागाशी आले आणि अडकले. तुम्ही काय लिहीत होता ते पाहावं म्हणून ऑफिसात जुनी पत्रं शोधायला गेले.

पत्रं मिळाली नाहीत. जुनी रजिस्टरं स्कॅन करायचं काम चालू आहे, त्यामुळे ती सगळी एका टेबलावर रचून ठेवली होती. त्यांत आमच्या नववीच्या निकालाचं रजिस्टर वरच होतं. मी सहज उघडलं. माझं नाव, हजेरी, भाषा, विज्ञान, आणि गणितात अडतीस. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं आणि पास व्हायला तेहतीस लागायचे. मी तो आकडा दोनदा वाचला. मग शेवटच्या रकान्यात तुमचं बारीक, उजवीकडे झुकलेलं इंग्रजी अक्षर दिसलं. मराठीत सांगायचं तर असं: याच वर्गात ठेवावे, वडिलांशी बोलणे झाले, त्यांची संमती आहे.

सिस्टर, मी नापास झालेच नव्हते. चाळीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की मी नववीत गणितात गेले होते. माझ्या विद्यार्थ्यांना तर धीर द्यायला हमखास सांगते. आता साठीकडे झुकलेल्या बाईनं एका टेबलापाशी उभं राहून स्वतःचा निकाल नव्याने वाचावा, हे तुम्हाला फार आवडलं असतं. तुम्ही खुर्ची पुढे ओढून विचारलं असतं, "मग? काय वाटलं तुला?"

मला काय वाटलं ते सांगायच्या आधी तो दिवस पुन्हा आठवून पाहते. मार्च संपत आलेला आहे. बाबा रेल्वेच्या ऑफिसातून अर्धी रजा काढून आले आहेत, शर्टाला इस्त्री आहे. तुम्ही त्यांना आत बोलावता आणि मला बाहेरच्या बाकावर बसवता. दार लोटलेलं आहे. आतून शब्द येत नाहीत, नुसते आवाज येतात. तुमचा सरळ चालणारा, बाबांचा मधेच थांबणारा. एकदा बाबा हसल्यासारखं वाटतं, पण नापास मुलीचा बाप कशाला हसेल, म्हणून मी तो विचार सोडून देते. अर्ध्या तासानं ते बाहेर येतात. प्रगतिपुस्तक त्यांच्या पिशवीत आहे, ते मला दाखवत नाहीत.

"गणितात गेली तू," बाबा म्हणाले.

मी रडायला लागले तशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. "काहून रडून राहिली? एक वर्ष पुन्हा करू. सिस्टर स्वतः शिकवून राहिल्या तुले. अजून काय पाहिजे?"

आणि घरी न जाता त्यांनी मला पंडरीच्या बाजारात नेलं, शाळेच्या स्कर्टचं कापड घ्यायला, कारण जुना स्कर्ट आणखी एक वर्ष पुरला नसता. दुकानदारानं विचारलं, पोरगी कितवीत? बाबा म्हणाले, नववीत. दुकानदाराला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला मात्र वाटलं, आता सगळ्या रायपूरला कळलं.

तुम्ही मुख्याध्यापिका होता आणि नववीचं गणितही घ्यायचा. वसईहून आलेल्या. शाळेतल्या सगळ्या शिक्षकांत एकट्या तुम्हाला मराठी येतं, हे मला सहावीत कळलं. तुम्ही बदलीच्या तासाला आला होता आणि फळ्यापाशी उभी राहून मी तोंडातल्या तोंडात "मले नाही येत" असं पुटपुटले होते. तुम्ही खडू खाली ठेवलात. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण." मी घाबरून पुन्हा म्हटलं. तुम्ही 'मले' हा शब्द नवीन फळ चाखावं तसा दोनदा उच्चारून पाहिलात आणि विचारलंत, तुमच्या घरी अजून काय काय असं म्हणतात? माझ्या बोलण्याला लोक हसायचे, सिस्टर. विचारलं कुणीच नव्हतं.

पण नववीत तुम्ही मला पकडलंत. हौदाचं गणित होतं, दोन नळ भरणारे, एक रिकामा करणारा. मी गाइड पाठ केलं होतं, अख्खं, स्वल्पविरामांसकट. परीक्षेत तुम्ही आकडे बदललेत आणि मी सगळ्या पायऱ्या सुंदर अक्षरात लिहून पुस्तकातल्या हौदाचं उत्तर काढलं. पेपर परत देताना तुम्ही सगळ्यांसमोर नाही, व्हरांड्यात थांबवून म्हणालात, "हा तुझा हौद नाही. हा पुस्तकातला हौद आहे. तुझा कसा भरतो ते तू पाहिलंसच नाहीस." मला फक्त राग आला. पायऱ्यांचे गुण तर तुम्ही दिले होते.

दुसऱ्या वर्षी रोज शाळा सुटल्यावर मला कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात यावं लागायचं. तुम्ही आणि स्वयंपाकाच्या सिस्टर लाल भाजी निवडत बसायचा, मी टेबलाच्या टोकाला. दिवसाला एकच गणित. सोडवायचं नाही, आधी सांगायचं, आपल्या बोलीत, की यात काय चाललं आहे. तुमच्या घरून सुक्या बोंबलांचं पार्सल आलेलं असलं की मी श्वास रोखून समीकरण मांडायची, कारण आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद व्हायचा. तुमच्या ते लक्षात आलं तेव्हा तुम्ही खिडकी उघडलीत आणि म्हणालात, "आता श्वास घे आणि सांग, हा य कुठून आला?" दिवाळीच्या सुमाराला कधीतरी मला पहिल्यांदा दिसलं की य कुठून आला. त्या दिवशी मी घरी धावत गेले होते, हे तुम्हाला माहीत नाही.

हेही माहीत नसेल की त्या वर्षापायी माझी जिवलग मैत्रीण दुरावली. ती दहावीत गेली, मधल्या सुट्टीत तिच्या बाकावर दुसरी बसायला लागली, आणि आम्ही दोघींनी ते तसंच होऊ दिलं. मावशीनं वर्ध्याहून लिहिलं की पोरीचं लग्नाचं बघा, शिक्षण तिच्या डोक्यात जात नाही. बाबांनी ते पत्र वाचून घडी घातली आणि म्हणाले, "जाऊन राहिलं, हळूहळू." खरं तर त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं की पोरगी पास आहे. का नाही सांगितलं? तुम्ही त्यांना शपथ घातली होती का? की त्यांनीच तुम्हाला? ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या कागदांत ते प्रगतिपुस्तक मला सापडलं नव्हतं. हरवलं असेल असं वाटलं होतं. आता वाटतं, त्यांनी ते मुद्दाम कुठे ठेवलं असेल?

हे सगळं मी यंदाच का विचारते आहे, त्याला कारण आहे. नववीत एक मुलगी आहे. वडील सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, आई घरी शिवणकाम करते. गणितात तिला छत्तीस. तिचा पेपर मी वरवर चाळत होते आणि थांबले. प्रश्नातल्या त्रिकोणाला क, ख, ग अशी अक्षरं होती आणि तिच्या सिद्धतेत प, फ, ब. पुस्तकातल्या आकृतीची सिद्धता, जशीच्या तशी. आमच्या तरुण गणिताच्या सरांनी पायऱ्यांचे गुण दिले होते. मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, पास तो है ना. जाने दीजिए, दसवीं में संभल जाएगी."

रजिस्टर त्याच आठवड्यात सापडलेलं होतं. मी दोन दिवस तुमच्यासारखं वागून पाहण्याच्या विचारात होते. आता नियम तसं करू देत नाहीत, पण पालकाला समजावून लेखी घेता येतं, ते मला ठाऊक आहे. मग मी मुलीला आणि तिच्या आईला बोलावलं. दोघींना आत. बाकावर कुणालाच बसवलं नाही.

"पास हे ना मैडम?" आईनं दारातूनच विचारलं.

"हव, पास है," मी म्हटलं, आणि ती बसली. मग मी पेपर मुलीपुढे ठेवला. "बेटा, इस चित्र में प कहाँ है?"

तिनं आकृतीच्या तिन्ही टोकांवर बोट ठेवून पाहिलं. "नहीं है, मॅम."

"फिर लिखा क्यों?"

"किताब में था."

आईनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. "रोक दोगे क्या मैडम?"

मी म्हटलं, नाही, रोखणार नाही, पण दहावीत हिला फार जड जाईल, आणि हे मी तिच्यासमोर सांगते आहे कारण हे तिचं आहे. मुलगी रडली नाही. पेपर आपल्याकडे ओढून तिनं विचारलं, "मॅम, आपको कैसे पता चला कि मुझे नहीं आता? नंबर तो आ गए थे. मुझे तो पता था, पर और किसी को नहीं पता था."

मुझे तो पता था. सिस्टर, मला पण माहीत होतं. तुम्ही मला आत बोलावून विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. कदाचित स्वतःच म्हटलं असतं, ठेवा मला इथेच. कदाचित नसतं म्हटलं. चौदा वर्षांची मी काय म्हणाले असते, हे आता कळायला काहीच मार्ग नाही आणि मला ते फार जाणून घ्यायचं आहे.

गेले पाच दिवस ती सकाळी येते. नवं सत्र सुरू होईपर्यंत शाळा रिकामीच असते, आम्ही लायब्ररीत बसतो. दिवसाला एकच प्रश्न. काल तिनं त्रिकोण नीट पाहिला, दोन बाजू सारख्या आहेत हे बोट ठेवून दाखवलं आणि मग म्हणाली, "जो दिख ही रहा है मॅम, उसको साबित क्यों करना?" मी तीस वर्षं शिकवते आहे. तरी मी म्हटलं, कल बताती हूँ. रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, परीक्षेत येतं म्हणून. तुम्ही काय सांगितलं असतं? आज सकाळी मी तिला दिसायला सारख्या, पण लांबीला किंचित कमीजास्त अशा दोन रेषा काढून दिल्या आणि पट्टी दिली. तिनं मोजलं, मग पुन्हा मोजलं. "अरे," एवढंच म्हणाली, आणि घरी जाताना पट्टी मागून नेली.

दुपारी मी पत्राचा दुसरा भाग लिहिला. पुढच्या वर्षीचं पहिलं प्राधान्य म्हणून लिहिलं की नववीतलं प्रत्येक मूल रोज एक प्रश्न, न सोडवता, आपल्या घरच्या भाषेत समजावून सांगेल: मराठीत, छत्तीसगढीत, ओडियात, जी असेल तिच्यात. शाळेचे व्यवस्थापक फादर तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी वाचलं आणि पेन गालाला लावून बसले.

"मॅडम, पेरेंट्स इसको समझेंगे?"

"नहीं समझेंगे तो पूछेंगे, फादर."

ते हसले. मग त्यांनी बोर्डाचा निकाल पहिल्या क्रमांकावर घेतला आणि माझं वाक्य दुसऱ्यावर. खोडलं मात्र नाही. तुमच्या पत्रांत पहिल्या क्रमांकावर काय असायचं ते मला शेवटी कळलं नाहीच.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुम्ही वसईला परत गेलात आणि तिथेच वारलात, एवढं प्रार्थनासभेत सांगितलं होतं. तरी एक गोष्ट वर लिहायची टाळली, ती लिहून थांबते. रजिस्टरच्या त्याच पानावर आणखी दोघी होत्या. एकीला गणितात चौतीस, एकीला पस्तीस. दोघींच्या पुढे तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, दोघी दहावीत गेल्या. म्हणजे तुम्ही मला एकटीलाच थांबवलंत, आणि तेही त्या दोघींहून जास्त गुण असलेलीला. कुणालाही सांगितलं तर ते म्हणतील, हा अन्याय झाला, आणि मीही मान डोलावीन. पण ऑफिसात उभी राहून ते वाचलं तेव्हा मला राग आला नव्हता, सिस्टर. मला आनंद झाला होता.