शोधावर राहिलेलं यंत्र

६ जानेवारी

आज उतारावर धाकट्या भावाची शीळ ऐकू आली. धाकटा जाऊन तीन वर्षं झाली. इथे कोणाला सांगावं, तर बाईंचं डोकं फिरलंय म्हणून उद्याच्या गाडीने खाली धाडतील. पोटात ठेवावं, तर दोराच्या गाठी चुकतात. म्हणून ही वही.

शीळ त्याचीच. दोन बोटं तोंडात घालून — एक लांब, एक तुटकी. लहानपणी गच्चीवरून मला अशीच हाक मारायचा. आई ओरडायची, "अरे, ती बहीण आहे तुझी, म्हैस नाही!"

मागे वळून पाहिलं. पांढरं. नुसतं पांढरं.

७ जानेवारी

बर्फातल्या गिर्यारोहणाचा हा वर्ग दहा दिवसांचा. आम्ही नऊ जण, त्यांत सर्वांत थोरली मी — एकसष्ट. शिक्षक माझ्या निम्म्या वयाचा. मला मावशी म्हणतो. आज विचारलंच त्याने, "मावशी, हा उपद्व्याप कशाला या वयात?"

म्हटलं, भाचीला मार्चमध्ये चाळीस दिवसांची डोंगरवाट चालायची आहे. वरच्या खिंडीत एकट्या माणसाला सोडत नाहीत, आणि वर्ग पास झाल्याच्या कागदाशिवाय कोणालाच सोडत नाहीत. तिला सोबत मिळेना. म्हणून मी.

"तिचे आईवडील?"

"आई ती लहान असतानाच गेली. बाप — त्याच खिंडीत."

पुढे विचारलं नाही. शहाणा आहे.

आज घसरायला शिकवलं. मुद्दाम घसरायचं, झटकन पालथं व्हायचं, कुऱ्हाडीचं टोक बर्फात रोवून वर छातीचा भार टाकायचा. अकरा वेळा घसरले, सात वेळा थांबले. वर्गात एक बेकरीवाला आहे, त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही. म्हणाला, "मावशींनी नुसतं डोळे वटारले तरी डोंगर जागच्या जागी उभा राहील, कुऱ्हाड कशाला!" म्हटलं, तुम्ही आधी स्वतःचं पोट थांबवा, ते अजून घसरतंय. सगळे हसले. भाचीसुद्धा.

तिचं हसू बापाचं आहे. मी बूट बांधायला वाकले.

८ जानेवारी

दोनदा. एकदा जेवताना. कोणीच मान वर केली नाही.

९ जानेवारी

आज यंत्र शिकवलं. छातीला बांधायचं, मुठीएवढं. त्याला एक खटका. 'पाठव'वर असला की यंत्र सारखं आपला ठावठिकाणा कळवत राहतं. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस त्यामुळेच सापडतो. 'शोध'वर केला की ते दुसऱ्याचं ऐकतं, पण आपलं कळवणं बंद. रोज सकाळी निघताना एकमेकांचा खटका तपासायचा.

हे मला ठाऊक होतं. धाकटा बर्फाखाली गाडला गेला, त्याचा अहवाल थोरली म्हणून माझ्याकडेच आला होता. 'यंत्र शोध स्थितीत आढळले.' तेवढ्या ओळीपर्यंत वाचला आणि कपाटात टाकला. एकोणीस दिवस सापडला नाही तो! का? तर सकाळी खटका बघायला विसरला. एकोणतीस वर्षं मी वॉर्ड सांभाळला. असं विसरणारी परिचारिका दुसऱ्या दिवशी माझ्या वॉर्डात दिसली नसती.

त्याचा सोबती वाचला. वर दोघेच होते. एप्रिलमध्ये तो घरी आला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला, तोंड उघडलं. म्हटलं, "तुम्ही वाचलात, तो नाही वाचला. बोलण्यासारखं काय उरलंय?" आणि दार लावलं.

बरोबरच केलं.

११ जानेवारी

वादळ. दिवसभर खोलीत. ओले मोजे वाळत टाकलेले, खिडकीच्या फटीत कोंबलेला टॉवेल तरी वारा आत. भाची बुटांना मेण लावत होती. वर न बघता म्हणाली, "आत्या, बाबांवरचा राग गेला नाही ना अजून?"

"राग कसला? निष्काळजीपणाला मी निष्काळजीपणा म्हणते."

ती मेण घासत राहिली. त्याच त्या जागी, किती वेळ.

दुपारी डोळा लागला. पायथ्याशी गादी दबली — कोणी बसल्यासारखी. भाची नव्हती, तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. मी डोळे उघडले नाहीत. वजन ओळखीचं होतं. तापात पडले की असाच येऊन बसायचा, काही न बोलता.

"काय हवंय तुला?" म्हटलं. मोठ्याने.

गादी सरळ झाली.

१३ जानेवारी

हात दुखतायत. तरी लिहायलाच हवं.

आज परीक्षा. शिक्षकाने बर्फात पोतं पुरून ठेवलेलं, पोत्यात चालू यंत्र. आठ मिनिटांत काढायचं. माझी पाळी. खटका 'शोध'वर केला. यंत्रावरचे अंतराचे आकडे उतरत गेले — बावीस, नऊ, तीन. सळई खुपसली, मऊ लागलं. फावडं घेतलं आणि खणायला लागले. छान चाललं होतं.

शीळ आली. लक्ष दिलं नाही, आठवडाभर ऐकतेच आहे. पुन्हा आली. मनात म्हटलं, थांब रे, काम करू दे.

पोतं हाताला लागलं. वर पाहिलं तर सगळे लांब कडेला उभे. शिक्षकाच्या ओठांत शिट्टी.

"मावशी, शिट्टी म्हणजे वरून बर्फाचा दुसरा कडा सुटला. काल सांगितलं होतं. खटका परत 'पाठव'वर करायचा आणि पळायचं. तुमचा अजून 'शोध'वर आहे. तुम्ही गाडल्या गेलात — आणि आता तुम्ही कोणालाच सापडणार नाही."

माझा चेहरा बघून शिक्षक जवळ आला. हळू म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्याला उकरून काढताना स्वतःचा खटका कोणाला आठवतो? 'शोध'वर सापडतात ते बहुतेक असेच गेलेले असतात."

मी त्या खड्ड्यात बसून राहिले. वर दोघेच होते. त्यातला एक माझ्या दारात आला होता.

विसरला नव्हता तो. खणत होता!

आणि तीन वर्षं मी सांगत सुटले — नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, त्याच्या पोटच्या पोरीला — की तुझा बाप हलगर्जी होता म्हणून गेला.

१४ जानेवारी

निकाल. भाची पास. मी नापास. पुन्हा बसायचं तर पुढच्या हिवाळ्यात.

मोजे वाळत घालताना तिला सगळं सांगितलं. मी त्या माणसाला बोलू दिलं नाही, हेही. माफ कर म्हटलं. हा शब्द मी कधी कोणाला म्हटल्याचं आठवत नाही. तिने हातातला मोजा पिळला, दोरीवर टाकला, झटकला. बाहेर जाऊन कोणाला तरी फोन करून आली.

आज शीळ नाही. दिवसभर कान लावून होते. नाही.

१५ जानेवारी

दुपारच्या गाडीने तो उतरला. धाकट्याचा सोबती. भाची पुढे झाली, "काका, चहा सांगू ना? बिनसाखरेचा?" — रोजच्या माणसाला विचारावं तसं.

मी बघतच राहिले. मग म्हणाली, "आत्या, तू दार लावलंस तेव्हा मी मागच्या जिन्याने खाली गेले. बाबांनी यांना बर्फातून काढलं, हे मला त्याच दिवशी कळलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तेव्हा तू रागाच्या जोरावर उभी होतीस. तोही काढून घेऊ? मार्चला माझ्याबरोबर काकाच येणार होते, पहिल्यापासून. इथे आणायचं होतं ते तुला — स्वतः खणून बघायला."

त्याला बसायला खुर्ची दिली. म्हटलं, सांगा. दीड तास बोलला. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.

नंतर माझं सामान मार्चसाठी त्याच्या हवाली केलं. कुऱ्हाड एक. बुटांचे काटे, जोडी एक. सळई एक. फावडं एक. यंत्र एक, नवी बॅटरी घालून, खटका 'पाठव'वर. त्याने तपासला. मग मी तपासला. मग भाचीने.