टीव्हीवर कापलेला भाग

१४ मे, मंगळवार

नंदू आली! माजी नात, पुण्यासनं. महिनाभर ऱ्हाणार! हातात पाण्याची बाटली, बाटलीवर उडता मासा. "आजी, हा बुबू. कार्टूनमधल्या मिकाचा मासा. जपानचा!" जपानचा मासा इस्लामपुरात! लय हसले.

पण आतनं जीव थाऱ्यावर न्हाई. सुनंच्या छातीत गाठ निघालीय. मिरजंला दवाखान्यात हाय, सोमवारी ऑपरेशन. लेकानं, जयराजनं, बजावलंय — "आई, नंदूला एवढंच सांग, मम्मी ट्रेनिंगला गेली." आठ वर्साची पोर ती. बरं म्हटलं.

१५ मे

दुपारभर मिकाचं कार्टून. हिंदीत बोलत्यात, मला बी कळतंय. मिकाची आई लांबच्या गावी गेलीय म्हणं, न् ही पोर माशावर बसून तिला हुडकाय निघालीय. मला बी अशी गोडी लागली — आमटी करपली!

१६ मे

मिरजंला सुनंचा डबा एसटीनं धाडते. कंडक्टर आकाराम वळखीचा. डबा भरताना नंदू हाताशी. "आजी, ह्यात तिखटच नाही!" म्हटलं, आजारी माणसाचा हाय. "कुणाचा?" तोंडाला येईल ते बोलले — शेजारच्या मनुबाईचा. आन् मनुबाई दारातच उभी, विरजण मागाय आलेली! तिनं लगीच पोट धरलं. "व्हय गं बाय, लय दुखतंय." विरजणाची वाटी घेतली न् तरातरा गेली बी! नंदू बघतच ऱ्हायली. हसू का रडू कळंना मला.

१७ मे

धाकट्या दिरांची क्रांती आली, कॉलेजला असती. म्हणाली, "काकी, ह्ये टीव्हीवर कापून दावत्यात. खऱ्यात मिकाची आई दवाखान्यात मरती. मोठ्यांसाठी अख्खं असतंय. माज्या फोनमधी हाय की."

मरती?

"मग कापत्यात कशापाय?"

"आवं, बाटल्या, दप्तरं खपाय पायजेत न्हवं! पोरगं रडाय लागलं तर आईबाप बाटली घेतील व्हय?"

म्हटलं, क्रांते, तुजा फोन नंदूच्या हाती देशील तर बघ! तर म्हणती, "काकी, त्या टीव्हीवाल्यांपेक्षा तुमीच जास्त कापताय." फाजील कुठली! पण मग जेवण गेलं न्हाई.

१८ मे

नंदू आज गप गप. रोज मम्मीला फोन लाव म्हणती, आज म्हणाली न्हाई. क्रांतीनं दावलं का काय?

१९ मे, रविवार

परड्यात नंदू. हातात क्रांतीचा फोन! धावले. बघती तर त्योच भाग — मिकाची आई खाटंवर, नळ्या लावलेल्या. फोन हिसकाय गेले, तर पोरीनं आपला तळवा माज्या डोळ्यांवर ठेवला.

"आजी, इथं तू बघू नकोस."

मग हळूच — "मम्मीनं मला पुण्यातच सगळं सांगितलंय. मला माहीत आहे हे तुला कळू द्यायचं नव्हतं. मम्मी म्हणाली, आजी लगेच रडते, तिला सांभाळ."