अकरा सेकंद

३ जून
ही वही कामाच्या नियमामुळे ठेवावी लागली. विमान अपघातांच्या चौकशी कचेरीत मी वैमानिकांचं शेवटचं बोलणं ऐकून उतरवते. ऐकणारे दोघं; दोघांना ऐकू आलं तेच अहवालाच्या कागदावर जातं. एकालाच आलं ते ज्याच्या त्याच्या वहीत. तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर असं काटेकोर काम मिळालं, खुशीत आहे. खुर्ची चांगली, खिडकी मोठी. सोबत ऐकणारा जोडीदार म्हणाला, बाई, तुमच्यासमोर टेपसुद्धा हाताची घडी घालून बसेल.

४ जून
प्रकरण सरळ आहे. नाकाचा कोन मोजणारा एक मापक बिघडला. संगणकाला वाटलं विमानाचं नाक फार वर गेलंय, म्हणून तो ते खाली दाबत राहिला. कॅप्टन नाक वर ओढत होता, पण ठरलेल्या मर्यादेपलीकडे संगणक ओढू देत नाही. तो बंद करायचं बटण हाताशीच होतं. कॅप्टनने ते दाबायला अकरा सेकंद लावले. तोवर उशीर झाला होता. दोष त्याच्या माथी जाणार.
त्याची आई रोज बाहेरच्या बाकावर बसते. एवढंच विचारते, माझ्या पोराने मारलं का हो सगळ्यांना?

६ जून
त्या अकरा सेकंदांत कुजबुज आहे. जोडीदाराला ऐकू येत नाही. त्याने 'अस्पष्ट' लिहिलं, वर मला कान तपासून घ्यायला सांगितलं.
मला स्वच्छ ऐकू आलं. काटा खरा, डोळे खोटे. वाक्य माझं आहे. प्रयोगाच्या तासाला मी ते मुलांकडून घोकून घेत असे.

७ जून
त्याच्या आईला शाळा विचारली, साल विचारलं. माझाच विद्यार्थी. तिसरा बाक. एकदा म्हणाला, बाई, काटा अडकलाय. मी त्याला तासभर वर्गाबाहेर उभं केलं. काटा खरंच अडकला होता. मला नंतर कळलं. त्याला सांगितलं नाही.

८ जून
टेप संपल्यावरही तो बोलला. बाई, मला जमीन दिसत होती.

९ जून
यंत्र बंद. वायर मीच काढली. तरी कानाशी — बाई, आत येऊ?

१० जून
साहेब म्हणाले, उद्या अहवालावर सही करा, ती कुजबुज 'अस्पष्ट'च राहील. दाराबाहेर कुणी उभं — त्या दिवशी मी त्याला आत ये म्हटलंच नव्हतं —

११ जून
सही केली नाही.
सुपूर्द: चाव्या दोन, साहेबांकडे. हेडफोन, त्याच्या आईकडे. तिने ऐकलं. पुटपुटली, काटा खरा, डोळे खोटे, लहानपणी हेच घोकायचा. मग विचारलं, आत येऊ का म्हणून कुणाला विचारतोय तो?
दोघींना ऐकू आलं. आता कागदावर जाईल. ही वहीही जोडते.
दार वाजतंय. आधी त्याला — ये बाळा, आत —