सुटलेल्या माशांबद्दल साडूभाऊंना

आदरणीय साडूभाऊंस,

वाकवेल तेवढं वाकून नमस्कार. (तेवढ्यावर भागवून घ्या, बोटीच्या फळीवर बसून कंबर धरली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला थांबला का? मुलं, बदली, गळका नळ, सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण मला मुद्द्यावर यायची घाई आहे. मुद्दा असा की गेला महिनाभर माझा तुमच्यावर संशय होता.

रागावू नका, आधी ऐका. सासरेबुवांच्या बोटीवर जिग बांधायचं काम माझ्याकडे आलं ते मी चष्म्याच्या दुकानात बारीक स्क्रू फिरवतो म्हणून. (चष्म्याची काडी बसवता येते त्याला गळ बसवता येईल, हा त्यांचा हिशोब.) जिग तुम्ही पाहिलं आहे, पण ताई पत्र वाचतील म्हणून सांगतो: माशासारखा दिसणारा, चकाकणारा धातूचा जड तुकडा. तो खोल सोडायचा आणि झटके देत वर आणायचा, की मोठ्या माशाला वाटतं, खाणं पळालं. आपली दोरी बांधायची एका अखंड कडीला. त्या कडीत दुसरी कडी, किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दोन वेढ्यांची, आणि तिच्यात जिग व आखूड, जाड दोऱ्याला बांधलेला गळ. सगळा भार या दोन वेढ्यांवर. त्या कड्या मी स्वतः निवडून आणल्या होत्या, इतक्या ताठ की एक उघडताना माझं नख गेलं.

तरीही मोठा मासा लागला की सुटायचा. लहान निमूट वर यायचे, पण गळाची काठी अर्धी वाकली, सासरेबुवांचे डोळे चमकले, की पुढच्या क्षणी दोरी ढिली. मग ते माझ्याकडे बघायचे. (आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस, वरून खाली बघायची सवय.) एकदाच म्हणाले, "गाठ कुणी मारली?" बोटीवर आम्ही दोघंच होतो.

मी वर आलेली दोरी तपासली. माझी गाठ शाबूत, अखंड कडी शाबूत, खालचं सगळं माशासोबत गेलेलं. म्हणजे दोन वेढ्यांची कडीच उघडत होती. एवढी ताठ कडी आपोआप कशी उघडेल? कुणीतरी ती बदलत होतं. पहिला संशय दुकानदारावर, दुसरा तुमच्यावर. तुम्ही मागे आलात तेव्हा माझी जिगांची पेटी उघडून "वा, छान बांधता" म्हणालात. आजवर तुम्ही माझ्या कशालाही छान म्हटलेलं नाही. शिवाय मी बोटीवरून उतरलो तर चढणार कोण? मी आमच्या हिला विचारलं, तर म्हणाली, "भाऊजींना बोट लागते, ते कशाला चढतील?" हे उत्तर मला जरा जास्तच तयार वाटलं, म्हणून काही दिवस हिच्यावरही नजर ठेवली.

उलगडा झाला तो कपाटापाशी. वरच्या फळीवरची चादर काढून द्या म्हणून सासूबाईंनी किल्ल्या दिल्या. जुडगं हातात घेतलं आणि ओळखलं. माझीच कडी, न गंजणारी, माझ्या नखाची वैरीण. मागच्या दाराच्या किल्लीला तीच, माळ्याच्या किल्लीला तीच. घरातली एकेक किल्ली पन्नास किलोच्या माशाला पुरेल अशी टांगलेली, आणि किल्ल्यांच्या जुन्या मऊ कड्या माझ्या जिगांवर.

सासूबाई उशीला अभ्रा चढवत राहिल्या. म्हणाल्या, "मागच्या वर्षी मोठा मासा लागला तेव्हा काय झालं, विसरलात का?" विसरलो नव्हतो. अर्धा तास ओढाओढ, मग मासा बोटीत आणि त्याच्या शेजारी सासरेबुवा आडवे, हात छातीवर. डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायलाही मनाई केली. त्यावर सासरेबुवा म्हणाले, "मासा मी उचलत नाही, तो स्वतः येतो."

"समुद्र बंद केला तर खचतील ते," सासूबाई म्हणाल्या. "लहान मासे येऊ देत, मोठे जाऊ देत." मग माझ्याकडे न बघता, "बोलणी तुम्हाला खावी लागतात, दिसतं मला."

मी चादर काढून दिली. तेव्हापासून कड्या मीच बदलतो, त्यांची बोटं दुखतात.

तुमच्यावरचा संशय मागे घेतो. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा साडू

ता. क. रविवारी तुम्ही इकडे या. यापुढे जिग तुम्ही बांधणार असं मी घरात सांगून टाकलं आहे. दोन जावई असताना ती नजर एकट्याने का सोसावी? बोट लागण्यावर गोळ्या मिळतात.

आणखी एक. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात सासरेबुवा आले. पेटीतलं एक जिग उचललं, मऊ कडी दोन बोटांनी उघडली, मिटवली आणि जिग जागेवर ठेवलं. "हीच असू द्या," म्हणाले. "अर्ध्या तासाचा दम आता माझ्यात नाही. पण तुमच्या सासूला सांगू नका, मला कळलंय म्हणून. काळजी करत बसेल." मग पेटीचं झाकण लावत म्हणाले, "मासा सुटला की रागवायला मात्र कुणीतरी लागतं." मी लगेच तुमचं नाव पुढे केलं. ते ऐकून सासरेबुवा इतके खुलले की तुमचं-त्यांचं आधीच काही ठरलंय की काय, असा मला पुन्हा तुमच्याबद्दल संशय यायला लागला आहे.