माळ्यावर टाकलेली पाटी

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, खरं सांगते. पण पत्र दुसऱ्या कुठल्या शब्दानं सुरू करायचं ते मला ठाऊक नाही. शाळेत पोरांनाही मी हेच शिकवते.

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होतं. प्रशांतनं पेपरात द्यायला तुमचा स्टँडवरचा फोटो शोधून ठेवलाय, खाकी कपड्यातला. "ताई, तू मराठीची मास्तरीण, चार ओळी तूच लिही," म्हणून मला अमरावतीहून बोलावून घेतलं. सकाळपासून त्या चार ओळी घेऊन तुमच्या अकोल्याच्या घरात बसलेय. त्या काही झाल्या नाहीत. हे पत्र मात्र लिहावंच लागतंय, कारण आई दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीये. बोलणं टाकण्याआधी तिनं एवढंच सांगितलं, "मले नको विचारू. त्याईलेच विचार."

म्हणून विचारणार आहे. पण आधी सगळं सांगते. तुम्हाला आता मधे तोडता येत नाही, तेवढं बरं आहे.

मूर्तिजापूरच्या एसटी स्टँडवर तुमचा आवाज ऐकायला मी मुद्दाम यायची, आठवतं? शाळा सुटली की कंट्रोलरच्या खिडकीखाली दप्तर घेऊन बसायची. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. अमरावतीहून अकोल्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." काय आवाज होता! दर्यापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या बाया म्हणायच्या, "काय गोड बोलते वं हा मानूस!" मला वाटायचं, हेच माझे खरे बाबा. घरी येतात ते दुसरेच कोणीतरी.

कारण घरात 'कृपया' कधी आलंच नाही. घरी आईचं नाव 'ए' होतं. भाजीत मीठ कमी पडलं की तिच्या माहेरापासून सुरुवात. तिचा बाप, तिची चौथीपर्यंतची शाळा, तिचं चालणं, सगळं निघायचं. तिनं काही सांगायला तोंड उघडलं की तुमचं ठरलेलं: "तुले कोनं इचारलं?" अडतीस वर्षं, बाबा! आई एखादी गोष्ट शेवटपर्यंत सांगू शकते, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं.

कधी कळलं ते सांगू? तुमची जीभ काढल्यावर.

तंबाखू-सुपारीचा खर्रा तीस वर्षं तुमच्या गालात होता. जिभेवरचा चट्टा तुम्ही वर्षभर कोणाला दाखवला नाहीत. अमरावतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा प्रशांत दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. आणि मी? मला वाटलं, चला, आता घरात शांतता होईल. पहिला विचार हाच आला. आता तुमच्यापासून लपवून काय करू?

आणि झाली हो शांतता! तुमच्या नाकात नळी, मानेवर टाके, आणि हातात प्रशांतनं आणलेली लहान मुलांची लाल चौकटीची पाटी. इकडे आई बोलायला लागली. आधी भीत भीत, मग सुटलीच. नळीतून वरणाचं पाणी देता देता ती तुम्हाला काय काय सांगायची. लहानपणी कौंडण्यपूरच्या जत्रेत हरवली होती ते. बाळंतपणात गेलेल्या बहिणीचं. शेजारणीच्या सुनेचं. मी शनिवारी यायची आणि दारात उभी राहून ऐकायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचात. एकदा ती बोलता बोलता थांबली, तर तुम्ही मान वळवून तिच्याकडे बघितलंत. पुढे काय झालं, असं विचारल्यासारखं. मला ते आवडलं नव्हतं, बाबा. तुम्ही सुधारावं अशी माझी इच्छाच उरली नव्हती.

मग तो दिवस. गळ्यात गाठ परत आली होती आणि डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हणून सांगितलं होतं. मी रजा टाकून आले होते. आईनं सकाळी उठून मूग शिजवले, वाटले, दोनदा गाळले आणि ते पाणी थोडं थोडं करत नळीतून सोडलं. तुम्हाला ठसका लागला. तुम्ही पाटी ओढलीत, काहीतरी लिहिलंत आणि आईपुढे धरलीत. आईनं एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं: "तुया हातचं नळीतूनबी उतरत नाई."

पूर्ण वाचून झाल्यावर तिला अर्थ लागला. तिनं पाटी तुमच्या उशाशी ठेवली आणि भांडं धुवायला निघून गेली. तुमचे डोळे हसत होते. प्रशांत म्हणतो, थट्टा केली असेल. असेलही! मरणाच्या दारात, तोंडात जीभ नसताना, तुम्हाला हीच थट्टा सुचली?

मी पाटी उचलली आणि माळ्यावर टाकली. पेन्सिल खिडकीबाहेर फेकली. "आता लिहा," म्हणाले. तुम्ही ते विसरला नसाल.

दोन दिवस. दोन दिवस तुम्ही चादरीवर बोट फिरवलंत, हवेत फिरवलंत. माझा हात धरून तळहातावर काही काढायला बघितलंत, तर मी हात सोडवून घेतला. प्रशांतनं विचारलं, पाटी कुठंय? म्हटलं, फुटली, नवी आणते. आणली नाही. मला बरं वाटत होतं, बाबा. आई अडतीस वर्षं गप्प बसली, तुम्ही दोन दिवस बसा! तिसऱ्या दिवशी सकाळी पाटी काढायला मी स्टूल घेतलं होतं. घेतलं होतं असं मी स्वतःला सांगते तरी. तेवढ्यात आईची हाक आली.

तुम्हाला उचलायच्या आधी भरल्या घरात तिनं मला विचारलं, "तुया हातावर काईतरी लिवत होते ना वं? काय लिवलं?" सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. तोंडातून निघून गेलं, "'तुयी माय जेवली काय,' असं लिवलं त्याईनं."

आई काय रडली! आणि तेव्हापासून त्या एका वाक्यावर जगतेय. तेरवीला आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. भाजीवाल्यालाही सांगितलं. "आमचे हे वरून कडक होते, पण जाता जाता मायीच काळजी केली." ज्या माणसानं तिला अडतीस वर्षांत एकदाही जेवलीस का म्हणून विचारलं नाही, तो वर्षभरात देव होऊन भिंतीवर बसला! फोटोला रोज ताजा हार. मी दरवेळी दात आवळून ऐकून घेतलं.

आज म्हणाली, तेच वाक्य पेपरात दे. फोटोखाली, मोठ्या अक्षरात. मी लिहायला घेतलं आणि नाही झालं माझ्याच्यानं. ती जेवायला बसली होती, तिथंच सांगून टाकलं. पाटी, माळा, तळहात, सगळं.

मला वाटलं, रडेल. किंवा म्हणेल, मले माहीतच होतं. तसलं काही झालं नाही. तिनं ताटातला हात बाजूला घेतला.

"म्हंजे ते पाटी मांगत होते?"

"हो."

"अन् मी दोन दिवस त्याईच्या ओठाले पाणी लावून राहिली होती. हात हालवला का पाणी. हात हालवला का पाणी. मले वाटे, तहान लागून राहिली."

मी विचारलं, "मंग आता पेपरात काय लिवू, आई?"

"मले नको विचारू. त्याईलेच विचार. तोंड त तूनंच बंद केलं त्याईचं." ती ताट घेऊन उठली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणाली, "त्याईले मले शिवी द्याची असंल, त ते शिवी बी मायीच होती. तू कोन ठेवून घेनारी?"

तुम्ही तिचं तोंड अडतीस वर्षं बंद ठेवलंत, मी तुमचं दोन दिवस. माझ्या हातात जास्त दिवस असते तर मी जास्त ठेवलं असतं. लोक म्हणायचे, वैशाली बापावर गेली, आणि मला राग यायचा. शाळेत पोरं मला घाबरतात. नवरा माझ्याशी जपून बोलतो. हे आजच का दिसावं मला?

तर विचारते. काय लिहायचं होतं, बाबा? दुखत होतं का? खरंच पाणी हवं होतं? मला शिव्या घालायच्या होत्या? आईची माफी मागायची असेल, असं मला मुळीच वाटत नाही. पण नव्हती, असंही आता मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती सोय मीच घालवली.

मी तुमची माफी मागणार नाही. तुम्ही तिची मागितली नाहीत, आणि मी तुमच्यापेक्षा मोठ्या मनाची नाही. पण एक शब्द देते. उद्या पेपरात तुमचं नाव आणि फोटो येईल, बाकी काही नाही. यापुढे तुमच्या तोंडी मी एक अक्षर घालणार नाही. गोड नाही, कडूही नाही.

आणि आई. ती अजून स्वयंपाकघरात पाठमोरी बसलीय. मी हाक मारणार नाही, समजावणार नाही. नुसती जाऊन शेजारी बसेन. ती बोलेल तेव्हा बोलेल. मला वाट्टेल ते बोलेल, तुमची बाजू घेऊन भांडेल, आणि मी तिला एकदाही मधे तोडणार नाही. गप्प बसणं मला जमत नाही, तुमच्यासारखंच. पण बसेन.

तुमचीच मुलगी,
वैशाली