तिसऱ्या रिळातली चिठ्ठी

मी सखुबाई, काळुराम भोईर यांची विधवा, वय अंदाजे अडुसष्ट, राहणार कळवा, तालुका ठाणे, हे राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहवून ठेवते. दम लागतो, पण डोके शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. तशी कोणाची छातीही झाली नसती.

मी धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्न धवलारीण गाऊन लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. हळदीचे गाणे वेगळे, मांडवाचे वेगळे. माजिवड्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत चाळीस वर्षे ती मी गायली.

माझी खोली व पुढचे अंगण भाचा पंढरी याला द्यावे. काही मिळाले नाही म्हणून गावभर रडायला त्याला निमित्त नको. त्याची बायको रतन हिला माझे हिरवे लुगडे. त्याला कसर लागली आहे, मला माहीत आहे. मांडवात मी ज्या पाटावर बसत असे तो माझ्या चितेवर ठेवावा.

पंढरीचे ठाण्यात लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने आवाज भरून घेण्याचे मशीन आणून तीन दिवस माझ्याकडून सगळी गाणी गाऊन घेतली. म्हणाला, "आत्ये, तुजा गला जपून ठेवतंय." पाच रिळे भरली. कोणते गाणे कुठे ते सापडावे म्हणून रिळाच्या वेढ्यांत कागदाच्या एकतीस चिठ्ठ्या खोचल्या. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. त्या चिठ्ठ्यांनीच माझा घात केला. नुसत्या रिळात गाणे शोधता शोधता मुहूर्त टळला असता आणि मला बोलवावेच लागले असते. तेव्हापासून पंढरी मांडवात लाउडस्पीकरवर रिळेच लावतो, मला एकाही मांडवातून बोलावणे आले नाही.

पावसाळ्यात दुकान गळते म्हणून तो मशीन व रिळे माझ्या खोलीत ठेवतो. या श्रावणात मी शेजारच्या परशुराम वायरमनकडून मशीन लावून घेतले आणि पाचही रिळे सलग ऐकली. पंढरीने तशी कधी ऐकलेली नाहीत, तो चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उड्या मारतो. तिसऱ्या रिळाच्या शेवटी मी पाणी प्यायला उठले आहे, मशीन चालूच राहिले आहे, आणि तो रतनला सांगतो, "म्हातारीचा सगला घेतला. आता हिला कोन बोलवतंय? पुढच्या लग्नान हिचा पाट मांडू नको." रतन हसते.

ते ऐकून मी रडले. मग एकतीसच्या एकतीस चिठ्ठ्या काढून चुलीत घातल्या.

रिळे पंढरीची असली तरी आवाज माझा आहे. तो मी त्याची मुलगी शकू हिला देते. येत्या माघात तिचे लग्न आहे. माझ्या मांडीवर निजून ती ही गाणी ऐकत वाढली, आणि धवल्याशिवाय मांडवात बसणार नाही असे तिने बापाला बजावले आहे. बापाला कानाने हळद कळत नाही, मांडव कळत नाही. रिळे तिलाच लावून बघावी लागतील.

तिच्यासाठी मी नवी एकच चिठ्ठी खोचली आहे, तिसऱ्या रिळाच्या शेवटी. वर 'शकू' एवढेच लिहून घेतले आहे. ती जागा तिने पहिली लावावी, आणि लावताना बाप समोर बसलेला असावा. पोरीवर माझा राग नाही. पण पंढरीला लागेल अशी दुसरी जागा मला सापडली नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी दोनदा ऐकला व बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: सखुबाई काळुराम भोईर
साक्षीदार: परशुराम वायरमन (सही), गोदूबाई, शेजारीण (अंगठा)
लिहिणार: हरिहर, अर्जनवीस, ठाणे कचेरी
मुक्काम कळवा, ता. २२ ऑगस्ट १९५९