वरवंटा टाकीतच राहील

चि. प्रेमानंद यास ताईकडून जयभीम अन् आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? सरिताची सर्दी गेली का? इकडे जरीपटक्यात आम्ही खुशाल, मासोळ्याही खुशाल. फोनवर तू मधात बोलते, म्हणून पोस्टानं लिहून राहिली. कागदाच्या मधात बोलता येत नाही. आता गुपचूप वाच.

तुझी बायको सरिता म्हणे, तू अमरावतीची बदली संपवून मनीषनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन राहिला अन् रविवारी माह्या घरून काचेची टाकी नेणार, काहून का 'ताईनं झाडांची वाट लावली.' अमरावतीले जाताना टाकी माह्या हॉलमध्ये आणून आदळली, तवा मले विचारलं होतं का? तेव्हापासून पाणी कोण बदलते? तुझा साहेब?

झाडांचं ऐक. तुझी प्लास्टिकची झाडं मी फेकली, कबूल. (एक मासोळी त्यात फसली होती, मी बोटानं काढली.) खरी झाडं आणली. तू फोनवर सांगे, चिमट्यानं तिरपं खुपस, मुळं रेतीत, कोंब वर. मले शिकवते! तू पाटीवर अ-आ गिरवत होता तवा मी आईसंग बांधीत, गुडघाभर चिखलात, धानाचा रोवणा करत होती. माही तिसरीनंतरची शाळा तिथंच झाली. पाण्याखाली अंगठ्यानं रोप कसं दाबायचं हे माह्या हाताले ठाऊक आहे. पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातला, सगळी झाडं ओळीनं रोवली. पण रेती धरतच नाही ना! संध्याकाळपर्यंत मासोळ्यांनी उकरून अर्धा रोवणा वर तरंगवला. मग मी कुंडीतली काळी माती अन् ओंजळभर शेणखत टाकलं. (रोवण्याले चिखल लागते. हसून काहून राहिला?) तुझे भाटवे, म्हणजे आमचे हे, बुटीबोरीहून ड्युटी करून आले अन् विचारते, "हॉलमध्ये एवढा चहा कोणासाठी मांडला वं?" मासोळ्या बादलीत, आम्ही दोघं मगानं गाळ उपसून राहिलो, अन् त्यातच तुझा फोन. तवा तुले जे बोलली ते मी मागे घेणार नाही.

मग रेती धुतली, जाड थर दिला, मुळं छाटली, तिरपं खुपसलं. (तू सांगितलं म्हणून नाही.) बारीक दांड्याची झाडं लागली. एक होतं अद्रकीसारख्या जाड खोडाचं. ते अद्रकीसारखंच गाडलं, तर सडलं. दुकानदार म्हणे, मावशी, याले गाडत नाहीत, जड दगडाले बांधतात. घरात जड दगड कोणता? आईचा वरवंटा. सडकं कापलं, उरलेलं ब्लाउजच्या हिरव्या दोऱ्यानं वरवंट्याले बांधलं अन् सोडलं टाकीत. (घासून धुऊन. मिरचीचा होता, मी काही येडी नाही.)

आता दोरा कुजून गेला अन् झाडानंच वरवंट्याले मुळांनी आवळलं. झाड ओढलं तर वरवंटा उचलला जाते, पण सुटत नाही. नवं पान आलं, त्याखाली ठिपक्यावाली मासोळी झोपते. तर आता पाह्य: टाकी तुझी, पण वरवंटा आईनं मले दिला. टाकी नेशील तर झाड जाईन, झाडासंग वरवंटा जाईन, अन् तो मी जिवंतपणी तुले नेऊ देणार नाही. झाड सोडवशील तर ते मरन, मग साऱ्या नातेवाईकांत मीच सांगीन का प्रेमानंदनं झाडाची वाट लावली. मले मासोळ्यांचा लळा-गिळा लागला असं समजू नको. मले ठेच्यासाठी वरवंटा लागते, अन् तो अडकला, एवढंच.

तुझी ताई,
अंजना

ता.क. ठेचा मी मिक्सरमध्ये करून राहिली. बरा होते.

ता.क. आणखी एक जाड खोडाचं झाड आणलं, ते काल दगडी खलाले बांधलं. रविवारी जेवायले ये, पण टेम्पो आणू नको. बांधायले आता घरात जड काही उरलं नाही, तर येताना सरिताचा वरवंटा घेऊन ये. दोरा माह्याजवळ आहे.